दोन विष्णु आणि एक टिंब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या १८ ऑगस्टच्या अंकात पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या जयंतीनिमित्त अर्ध्या पानाचा लेख आला, त्याबद्दल आधी मनापासून आभार. या दिवसांत आपल्याकडची पानं भरतात ती पावसाच्या खंडानं, कपाशीवरच्या रोगानं आणि केळीच्या भावानं, आणि ते बरोबरच आहे. माझं माहेर आणि सासर दोन्ही शेतीवर जगलेली घरं. त्यातून तुम्ही गाण्याच्या माणसासाठी जागा काढलीत. मी तो लेख सकाळी चहाबरोबर वाचला आणि दुपारी पुन्हा वाचला, या वेळी हातात पेन्सिल घेऊन. ३१ वर्षं शाळेत संगीत शिकवलं, घरचा वर्ग अजून चालू आहे. छापलेलं काही वाचताना पेन्सिल हातात येतेच.

पहिली दुरुस्ती सोपी आहे. लेखासोबतचं छायाचित्र पलुस्करांचं नाही, ते पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचं आहे. रागांची दहा थाटांत (मूळ स्वरगटांत) मांडणी, क्रमिक पुस्तकमालिका, लखनौचं महाविद्यालय, हा मधला सगळा परिच्छेदही भातखंड्यांचाच. भातखंडे १० ऑगस्ट १८६० चे, मुंबईत वाळकेश्वरला जन्मलेले, वकिली शिकलेले. पलुस्कर १८ ऑगस्ट १८७२ चे, कुरुंदवाडचे, कीर्तनकाराचे चिरंजीव. दोघांचं नाव विष्णु, दोघांचा महिना ऑगस्ट आणि दोघांनीही गाण्याला शाळेत आणून बसवलं. गल्लत होऊ शकते. मी तेरा वर्षांची असताना ती भर परीक्षेत केली होती. त्याची हकिगत पुढे येईल.

दुसरी गोष्ट मात्र एका ओळीच्या दुरुस्तीत मावणारी नाही. कर्जापायी पलुस्करांच्या मुंबईच्या संगीत विद्यालयाच्या इमारतीचा लिलाव झाला आणि पंडितजींचं स्वप्न अधुरं राहिलं, असं लेखाच्या शेवटी म्हटलं आहे. लिलाव झाला हे खरं आहे. स्वप्न अधुरं राहिलं हे मला मान्य नाही. अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात, १९६५ साली, ते स्वप्न आमच्या ओसरीवर येऊन पाणी प्यायलं होतं. मी तिथे होते.

आमचं गाव बोरी नदीच्या काठचं. घरात गाणं पुष्कळ होतं, पण त्याला कोणी गाणं म्हणत नव्हतं. आई पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची. श्रावणात कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसली की जागरणाच्या रात्री बायकांच्या घोळक्यात तिचाच आवाज वर असायचा. भाद्रपदी पौर्णिमेला गुलाबाई मांडली की कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या आम्हा पोरींना ती रोज नवं गाणं सांगायची, आणि महिनाभर एकही गाणं परत येत नसे. तरी 'तुम्हाला गाता येतं का?' असं कोणी विचारलं असतं तर आई 'नाही हो' म्हणाली असती. गाणं म्हणजे यात्रेत तमाशाचा फड येतो, त्यात बाई उभी राहून म्हणते ते. आईचं ते देवाचं, कामाचं, सणाचं.

आजोबांकडे एकच चाल होती. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू. साने गुरुजी त्यासाठी गावोगाव हिंडले होते, आणि अमळनेरच्या बाजूला तर त्यांचा शब्द म्हणजे घरातल्या माणसाचा शब्द. आजोबा गावातल्या दोघांबरोबर बैलगाडीनं गेले आणि प्रार्थनेत ऐकलेली 'रघुपति राघव'ची चाल घेऊन आले. पुढे मरेपर्यंत गोठ्यातली झाडलोट त्याच चालीवर झाली. ती कोणाची, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. मला ते पुष्कळ नंतर कळलं. साबरमतीच्या आश्रमात प्रार्थना चालवणारे, दांडीयात्रेत गांधीजींबरोबर चाललेले पंडित नारायण मोरेश्वर खरे हे विष्णु दिगंबरांचे शिष्य, आणि ती चालही विष्णु दिगंबरांचीच मानली जाते. म्हणजे माझ्या जन्माच्या १८ वर्षं आधीपासून पंडितजी आमच्या गोठ्यात राहायला होते.

आता गुरुजींबद्दल. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना स्वतःचं नाव कुठे छापून आलेलं आवडत नसे. ते विष्णु दिगंबरांच्या शिष्याच्या शिष्याकडे शिकलेले. सुरत-भुसावळ लाइनच्या पॅसेंजरनं हिंडून वर्ग घ्यायचे: एक दिवस धरणगाव, एक दिवस अमळनेर, एक दिवस दोंडाईचा. हातात कापडी पिशवी, तिच्यात हजेरीचं पुस्तक, अभ्यासक्रमाची पुस्तिका आणि तबल्याची हातोडी. पेटी प्रत्येक गावात कोणाच्या तरी घरी ठेवलेली असायची. अमळनेरच्या वर्गाला माझी मावसबहीण जायची. सुट्टीत तिच्याकडे राहिले तेव्हा मी मागे बसून भूप रागाचे स्वर म्हटले, आणि पुढच्या आठवड्यात गुरुजी सायकल भाड्यानं घेऊन आमच्या गावी आले. वडिलांना म्हणाले, मुलीला वर्गाला पाठवा.

वडील ओसरीवर बसलेले होते. त्यांनी गुरुजींना काही उत्तर दिलं नाही. मला म्हणाले, "गाणं शिकीसन काय तमाशामा उभी ऱ्हाशी का वं?"

आई दाराआडून म्हणाली, "शिकू द्या तिले." तेवढ्यानं काही झालं नसतं. गुरुजींनी पिशवीतून हजेरीचं पुस्तक काढलं आणि वडिलांसमोर ठेवलं. म्हणाले, "हे शाळेसारखंच आहे. हजेरी लागते, पुस्तक असतं, फी असते, फीची पावती मिळते. वर्षाच्या शेवटी जळगावला परीक्षा होते, बाहेरगावचे परीक्षक येतात. पास झाली तर प्रमाणपत्र येतं."

वडिलांनी ते पुस्तक हातात घेतलं. त्यांना अक्षरओळख होती, फार नाही. नावं पाहिली, तारखा पाहिल्या, लाल शाईतले खाडे पाहिले. मग विचारलं, "परीक्षा बी ऱ्हास?"

त्या दोन-तीन शब्दांवर माझं आयुष्य फिरलं. परीक्षा आहे म्हणजे हे शिक्षण आहे. शिक्षण आहे म्हणजे मुलीला पाठवायला हरकत नाही. घराण्यांचे मोठे गायक या परीक्षांना नाकं मुरडतात. अशा तुकड्यांतून गवई घडत नाही, असं म्हणतात. गवई घडत नाही हे खरंच आहे, आणि ते पंडितजींनाही ठाऊक होतं. आपण तानसेन तयार करायला निघालेलो नाही, कानसेन तयार करतो आहोत, असा त्यांचा विचार गुरुजी आम्हाला सांगायचे. पण ही परीक्षा नसती तर माझ्या वडिलांनी होकार दिला नसता. माझ्या वयाच्या खानदेशातल्या जेवढ्या बायकांना मी ओळखते, ज्यांच्या घरात पेटी आहे आणि त्या उघडपणे वाजवतात, त्या प्रत्येकीच्या घरी अशीच एक ओसरी आहे आणि असंच एक हजेरीचं पुस्तक.

हे हजेरीचं पुस्तक विष्णु दिगंबरांनी आणलं. त्याच्यामागे काय होतं ते तुमच्या लेखात आलेलं नाही, म्हणून लिहिते.

लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांचे डोळे गेल्यात जमा झाले. पुढचं शिक्षण बंद पडलं. मिरजेला ग्वाल्हेर घराण्याच्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणं शिकायला राहिले, वर्षानुवर्षं राहिले. त्या काळी गुरूच्या घरी राहणं म्हणजे पाणी भरण्यापासून सगळं, आणि विद्या मिळेल ती गुरूच्या मर्जीनं. गुरुजी आम्हाला एक प्रसंग नेहमी सांगायचे. मिरजेत एका समारंभाचं बोलावणं विष्णु दिगंबरांना आलं, बुवांना आलं नाही. यांनी चौकशी केली तेव्हा कळलं की त्यांचं काय, ते तर गवई. ज्या माणसाच्या पायाशी बसून आपण शिकतो, त्याला या गावात मानाचं आसन नाही! १८९६ मध्ये ते मिरज सोडून निघाले. राजाश्रय पाठीशी असलेला, डोळ्यांनी अधू, चोविशीतला माणूस नेमका काय करायला निघाला हे मिरजेत कोणाला कळलं असेल असं मला वाटत नाही.

बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असं करत ते पंजाबात गेले. वाटेत सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर गाणं केलं. आज आपण जळगावात बालगंधर्वांच्या नावाच्या महोत्सवाला जाऊन खुर्चीत बसतो, तेव्हा कोणाच्या दिवाणखान्यात बोलावणं नसलेल्या माणसानंही गाणं ऐकावं ही गोष्ट किती नवी होती ते लक्षात येत नाही. मग ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू झालं, कोणत्याही संस्थानाच्या खजिन्यावर नव्हे, तर लोकांच्या देणगीवर, फीवर आणि स्वतःच्या जलशांवर. गुरुजी सांगायचे की सुरुवातीला कित्येक दिवस एकही विद्यार्थी आला नाही, आणि पंडितजी ठरल्या वेळी वर्ग उघडून तंबोरा घेऊन एकटे बसत. मला त्यांच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात जवळचा वाटतो. साडेपाचला वर्ग म्हणजे साडेपाचला वर्ग. पावसानं कोणी आलं नाही तरी पेटीवरचं कापड काढायचं, हे मी गुरुजींकडून घेतलं आणि त्यांनी ते वरून घेतलं.

लाहोरला स्त्रियांचेही वर्ग होते. १९०१ नंतरच्या त्या वर्षांत, लाहोरसारख्या शहरात, घरंदाज बायकांनी गाणं शिकायला बाहेर पडणं! माझ्या वडिलांनी ६० वर्षांनंतर जो प्रश्न विचारला, तो तिथल्या किती बापांनी विचारला असेल. पंडितजींनी त्यांनाही हेच दाखवलं असणार: वेळापत्रक, पुस्तक, परीक्षा. पुस्तकंही त्यांनी स्वतःच लिहिली. 'संगीत बालप्रकाश', 'राग प्रवेश'चे भाग. छापखाना काढला, वाद्यं दुरुस्त करायचा कारखाना काढला. गाणं कागदावर उतरवायचं तर खुणा लागतात, म्हणून स्वतःची स्वरलिपीही केली.

इथे माझ्या परीक्षेची हकिगत येते.

१९६७ साली मी प्रवेशिका या सुरुवातीच्या परीक्षेला बसले होते. त्या वर्षी ऐन परीक्षेच्या आधी गुरुजी विषमज्वरानं आजारी पडले आणि तीन आठवडे वर्ग झाला नाही. देस रागाची एक बंदिश सांगायची राहून गेली होती. मी अमळनेरच्या वाचनालयातून पुस्तक आणलं आणि स्वरलिपीवरून ती स्वतःच बसवली. मला फार अभिमान वाटला होता. जळगावला परीक्षकांसमोर स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, जेमतेम झाली, आणि पुढच्या अंतऱ्यात मी वरच्या षड्जावर, वरच्या 'सा'वर, जायचं तिथे खालच्या षड्जावर उतरले. आवाज तिथे पुरेना, तरी खर्जात घोगरं म्हणत राहिले. परीक्षकांनी हात वर केला. "हे कोणी सांगितलं?" मी पुस्तक दाखवलं. ते पुस्तक भातखंड्यांच्या पद्धतीचं होतं.

गुरुजींनी शिकवलेल्या पलुस्कर पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे मंद्र, खालचं सप्तक. तार म्हणजे वरच्या सप्तकातल्या स्वरावर उभी रेघ. भातखंड्यांच्या पद्धतीत टिंब वर असेल तर तार, खाली असेल तर मंद्र. एकाचं टिंब जिथे पाताळात नेतं, तिथेच दुसऱ्याचं आकाशात. कोमल स्वराला पलुस्कर हलन्तासारखा पाय मोडतात, भातखंडे खाली आडवी रेघ ओढतात. परीक्षकांनी माझ्या फीच्या पावतीच्या मागे दोन्ही पद्धती शेजारी शेजारी लिहून दिल्या आणि म्हणाले, "बाळ, विष्णु दोन आहेत. टिंब कुठे आहे ते आधी बघ, मग कोणते विष्णु ते कळेल." मला दुसरा वर्ग मिळाला. ती पावती अजून माझ्याकडे आहे. माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात मी ती दाखवते. तुमच्या लेखकांनाही दाखवायला आवडेल, रागावून नव्हे.

आणि न्यायानं सांगायचं तर रागांचा जो साठा भातखंड्यांनी घरोघर, उस्तादांच्या दारी फिरून गोळा केला, त्याला तोड नाही. माझ्या कपाटात दोघांचीही पुस्तकं शेजारी आहेत. एकानं गाणं जमवलं, दुसऱ्यानं ते वाटलं.

आता लिलावाकडे येते. १९०८ मध्ये पंडितजी मुंबईला आले. सँडहर्स्ट रोडला विद्यालयाची स्वतःची इमारत उभी राहिली, कर्ज काढून. उपदेशक वर्गाची मुलं त्यांच्याकडेच राहायची, खायची, शिकायची. फी नाही, शिकून झाल्यावर दुसऱ्यांना शिकवायचं, एवढीच अट. एवढ्या मुलांचं जेवणखाण, छापखाना, पगार, व्याज. गावोगाव जलसे करून मिळालेला पैसा त्यातच जायचा. शेवटी १९२४ च्या सुमाराला इमारत लिलावात गेली. पंडितजी भगवी वस्त्रं घालून रामकथेकडे वळले होते, नाशिकला रामनाम आधार आश्रम काढला होता. घरातही सुख नव्हतं. बारा मुलांपैकी अकरा गेली, एक राहिलं. २१ ऑगस्ट १९३१ ला मिरजेत त्यांचा अंत झाला, जिथून निघाले होते त्याच गावी. तुमच्या लेखातला काळोख इथवर खरा आहे.

पण लिलावात विटा गेल्या. त्या इमारतीत जेवलेली मुलं लिलावात कशी जातील? त्याच वर्षी, १९३१ मध्ये, शिष्यांनी अहमदाबादेत जमून गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. माझ्या परीक्षेची पावती त्या मंडळाची आहे. शिष्यांपैकीच विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ ला पुण्यात विद्यालय काढलं. देवधर मास्तरांनी मुंबईत संगीत शाळा काढली होती, आणि तिथे एक छोटा मुलगा शिकायला राहिला, त्याला आपण कुमार गंधर्व म्हणून ओळखतो. ओंकारनाथ ठाकूर काशी हिंदू विश्वविद्यालयात गेले. नारायणराव व्यासांच्या तबकड्या घरोघर वाजल्या. राहिलेलं एक मूल, दत्तात्रेय, वडील गेले तेव्हा दहा वर्षांचा. त्याला विनायकबुवांनी सांभाळलं, शिकवलं, आणि तो द. वि. पलुस्कर झाला. १९५५ च्या ऑक्टोबरात, वयाच्या ३४ व्या वर्षी, तेही गेले. जळगाव आकाशवाणी सुरू झाल्यावर सकाळी कधी त्यांचं भजन लागायचं. तेव्हा माझी सासू, जिला रागाचं नावही ठाऊक नव्हतं, चुलीवरचा तवा खाली उतरवून ठेवायची. भाकरी करपू नये म्हणून.

आणि या सगळ्या मोठ्या नावांच्या खाली, कोणी न ओळखणारे, आमच्या गुरुजींसारखे पॅसेंजरनं हिंडणारे शेकडो मास्तर. त्यांची नावं कुठल्याच लेखात येत नाहीत.

एवढं सगळं लिहिल्यावर एक गोष्ट न लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. पंडितजींनी गाणं घराघरांत नेताना ते धुऊन नेलं. बंदिशींतले शृंगाराचे शब्द बदलून भक्तीचे घातले. त्या आधी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे गाणं गळ्यात जपलं, त्या कोठीवरच्या बाया त्यांच्या शाळेच्या उंबऱ्याबाहेरच राहिल्या. घरंदाज बापाचा विश्वास मिळवायचा तर ही किंमत द्यावी लागेल असं त्यांना वाटलं असेल. माझ्यासारखीला त्याचा फायदाच झाला. पण ती किंमत माझ्या खिशातून गेलेली नव्हती.

१९८८ च्या पावसाळ्यात माझ्या घरच्या वर्गाला एक मुलगी यायला लागली. तिची आई फडात होती. फड पावसाळ्यात बंद असतात, म्हणून चार महिने ती आजीकडे आमच्या गावात. मुलगी दहा-अकराची. ताल हातावर मोजायला मी सगळ्यांना महिना-महिना शिकवते. तिला मोजावंच लागत नव्हतं. सम, तालाची पहिली मात्रा, तिच्या अंगात होती. दुगुण, म्हणजे दुप्पट लयीत, म्हणायला सांगितली तर मान न हलवता म्हणायची. आठवडाभरात तीन मुलींच्या आया माझ्याकडे आल्या. त्या पोरीबरोबर आमच्या पोरी बसणार नाहीत, असं म्हणाल्या.

मी त्या मुलीला दुपारी दोनची वेळ दिली. एकटीला. सगळ्यांचीच सोय झाली असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. ती उन्हातून यायची, पाणी पिऊन पेटीसमोर बसायची. तिनं कधी विचारलं नाही की मला संध्याकाळी का नाही बोलावत. पुढच्या पावसाळ्यातही आली, प्रवेशिका पहिल्या वर्गात पास झाली, दसऱ्यानंतर आईबरोबर गेली आणि पुन्हा आली नाही. माझ्या वर्गाच्या भिंतीवर विष्णु दिगंबरांचा फोटो आहे. गुरूला समारंभाचं बोलावणं नाही म्हणून गाव सोडून निघालेला माणूस. त्या फोटोखाली बसून मी एका मुलीला संध्याकाळच्या वर्गाचं बोलावणं दिलं नाही. कुठे असेल ती आता, तर तिनं हे वाचावं. माझी चूक झाली, बाई.

या पत्रातून दोन मागण्या आहेत.

एक, आमच्या भागातल्या शाळांत संगीत शिक्षक उरलेले नाहीत. मी निवृत्त झाले त्या जागेवर पुन्हा कोणी आलं नाही. पेटी दोन वर्षं स्टाफरूमच्या कोपऱ्यात होती, मग भंगारात गेली. आसपासच्या तालुक्यांतल्या माझ्या ओळखीच्या पाच शाळांत हेच झालं. खेड्यातला बाप मुलीला गाणं शिकायला पाठवतो तो शाळेच्या विश्वासावर, माझ्या वडिलांनी पाठवलं तसा. शाळेतूनच ते गेलं तर शहरातल्या महागड्या क्लासपर्यंत ती मुलगी पोहोचायची कशी? मोबाइलवर सगळं मिळतं असं मला सांगतात. मिळतं, मीही ऐकते. पण मोबाइल हात वर करून 'हे कोणी सांगितलं?' असं विचारत नाही. आपल्या वार्ताहरांनी जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत फिरून किती शाळांत संगीताचा तास प्रत्यक्ष होतो ते मोजावं आणि छापावं. वेळापत्रकावर असतो, ते मोजू नये. पेटी उघडली जाते का ते बघावं.

दोन, मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर. अर्ज भरायच्या दिवसांत आपल्या पुरवणीत खानदेशातल्या लहान-मोठ्या वर्गांची गावनिहाय यादी द्यावी. शहरातले मोठे क्लास जाहिराती देतात, खेड्यातला मास्तर देऊ शकत नाही. माझ्या माहितीतली नावं, त्यांना विचारून, मी लिहून देईन. दोंडाईच्याच्या बाजूला एक तरुण मास्तर मोटारसायकलवर पेटी बांधून चार गावं करतो आहे. त्याला पाहिलं की मला कापडी पिशवी आठवते.

शेवटी छायाचित्राबद्दल. पलुस्करांचं खात्रीचं चित्र आपल्याकडे नसेल तर माझ्याकडे आहे. १९७३ मध्ये टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं होतं. तेव्हा मी विशारद या वरच्या परीक्षेची तयारी करत होते. गुरुजींनी एक तिकीट विकत घेऊन माझ्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर चिकटवलं आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं, 'हे आपले विष्णु.' ते पान मी या पत्रासोबत पाठवते आहे. दुरुस्तीच्या चौकटीत हेच चित्र छापावं. काम झालं की पान परत मिळावं, ही विनंती. पाकिटावर माझा पत्ता लिहून तिकीट लावलेलं आहे. पानाची घडी घालू नये, मधून फाटायला आलं आहे.

पत्राखाली माझं नाव छापू नये. वर लिहिलेल्या मुलीला कोणी ओळखू नये एवढ्याचसाठी.

आपली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका,
ता. अमळनेर, जि. जळगाव